लॅन कार्ड बसवलं आणि टेस्टिंग मशीनचा जुना पीसी थिजायला लागला: ड्रायव्हर नाही, आधी बोर्डावरचा बटण सेल बघा

प्रश्न लांबलाय, म्हणून बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात मांडतो. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, तुमच्या मामांची छोटी टेस्टिंग लॅब आहे, तिथे सळ्या ओढून तोडायचं मशीन आहे आणि त्याला एक पेंटियम थ्री जोडलाय, विंडोज ९८ वाला. आत एक आयएसए कार्ड (जुन्या पद्धतीच्या स्लॉटचं), त्याची जाड केबल मशीनच्या पॅनलला जाते, सॉफ्टवेअर डॉसच्या जमान्यातलं पण तुम्ही ते विंडोजमधूनच काळ्या खिडकीत चालवता. रिपोर्ट फ्लॉपीवर न्यायचा कंटाळा आला म्हणून कोणीतरी पीसीआय (त्यानंतरच्या पद्धतीच्या स्लॉटचं) लॅन कार्ड बसवून दिलं आणि तेव्हापासून टेस्ट सुरू केली की लोडचा पहिला आकडा बरोबर येतो आणि तिथेच थिजतो, एस्केप पण लागत नाही. लॅन कार्ड काढलं की सगळं सुरळीत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या हार्डवेअरच्या यादीत, गडबडीचं पिवळं चिन्ह एकही नाही. विंडोज परत टाकून झालं, दुसरं लॅन कार्ड लावून झालं, ड्रायव्हर बदलून झाले. आणि अगदी शेवटी तुम्ही लिहिलंय की "रोज सकाळी तारीख जुनी होते, ती टाकून घेतो, तो प्रॉब्लेम वेगळा आहे."

तो वेगळा नाहीये. मला तर वाटतं की मूळ तिथेच आहे, लॅन कार्डानं फक्त निमित्त केलं.

आता हे मी इथे बसून बोलतोय, तुमचा बोर्ड कुठला, बायोस (पीसी चालू होताना आधी धावणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) कुठला, कार्डावर जंपर (पिनांवरच्या छोट्या टोप्या) कुठे लावलेत हे मी पाहिलेलं नाही, त्यामुळे यातलं काही तुमच्याकडे थोडं वेगळं निघेल. पण बडोद्यातल्या कारखान्यांमधले असे पीसी मी बरीच वर्षं उघडत आलोय आणि तुम्ही दिलेली लक्षणं इतकी नेमकी आहेत की विंडोजला हात लावायची गरजच नव्हती.

आधी लक्षणं वाचू. पहिला आकडा बरोबर येतो, याचा अर्थ लोडसेल (ताण मोजणारा सेन्सर) ठीक, केबल ठीक, कार्ड जिवंत, आणि प्रोग्रॅमला कार्डाचा पत्ता म्हणजे आय-ओ अ‍ॅड्रेस बरोबर सापडतोय. तो आकडा प्रोग्रॅम स्वतः जाऊन कार्डावरून वाचतो. त्याच्या पुढचे आकडे बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असे येत नाहीत, कार्ड दर ठराविक वेळानं प्रोसेसरला हाक मारतं, म्हणजे इंटरप्ट देतं, आणि हाक आली की प्रोग्रॅम आकडा उचलतो. तुमच्याकडे पहिला येतो आणि पुढचे येत नाहीत, म्हणजे हाक पोचत नाहीये. पत्त्याचं भांडण असतं तर पहिलाच आकडा वेडावाकडा आला असता किंवा "कार्ड सापडत नाही" असं आलं असतं. डीएमएचं (प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत आकडे टाकायच्या सोयीचं) भांडण असतं तर आकडे आले असते पण मधूनच कचरा दिसला असता, किंवा फ्लॉपी नाहीतर प्रिंटर चालू केला की लटकलं असतं. म्हणून माझा संशय सरळ आयआरक्यूवर, म्हणजे ही हाक ज्या क्रमांकाच्या ओळीवरून जाते तिच्यावर.

आता आयआरक्यू कमी का पडतात ते. १९८१ च्या आयबीएम पीसीत इंटरप्ट सांभाळणारी ८२५९ ची एकच चिप होती, आठ ओळींची. १९८४ च्या पीसी-एटी मॉडेलमध्ये दुसरी आली, पण दुसरी पहिलीला जोडायला एक ओळ खर्ची पडते, म्हणून सोळा दिसल्या तरी वापरायला पंधरा. त्यातही ० टायमरला, १ कीबोर्डला, २ त्या जोडणीला, ६ फ्लॉपीला, ८ घड्याळाला, १२ पीएस-टू माऊसला, १३ गणिताच्या को-प्रोसेसरला, १४ आणि १५ हार्डडिस्क-सीडीच्या दोन आयडीई चॅनलना. ४ वर कॉम-१, ३ वर कॉम-२, ७ वर प्रिंटर पोर्ट. ९ बऱ्याच बोर्डांत पॉवर मॅनेजमेंट खाऊन टाकतं. राहिलं काय, ५, १० आणि ११. त्यातच डिस्प्ले कार्ड, यूएसबी, साउंड, लॅन आणि तुमचं मशीनचं कार्ड, सगळ्यांना जागा पाहिजे.

तुम्ही म्हणाल की मग नवीन पीसीत एकाच आयआरक्यूवर चार-चार वस्तू बसलेल्या दिसतात आणि काही होत नाही, ते कसं? ते पीसीआयचं आहे. वाड्यात दोन बिऱ्हाडांना मिळून एकच बेल आहे असं समजा. पीसीआयवाला बेल दाबून धरतो, कोणीतरी येऊन "काय हवंय" विचारेपर्यंत सोडत नाही, त्यामुळे दोघांनी एकदम दाबली तरी एकाचं काम झालं की दुसऱ्याची अजून वाजतेच आहे हे कळतं. आयएसएवाला टिंग करून एकदाच वाजवतो आणि मोकळा होतो, त्या क्षणी दुसरा बेल धरून बसलेला असेल तर त्याची हाक गेलीच. म्हणून पीसीआय कार्डं आपसात ओळ वाटून घेऊ शकतात, आयएसए कार्डाला ओळ स्वतःची एकट्याची लागते. त्यात भर म्हणजे बोर्डावरची चिप प्रत्येक ओळ एक तर या पद्धतीवर नाहीतर त्या पद्धतीवर लावून ठेवते, आणि एखादी ओळ पीसीआयला दिली की ती पीसीआयच्या पद्धतीवर जाते. वर विंडोज ९८ नं ती ओळ लॅनच्या ड्रायव्हरच्या नावावर करून टाकली की काळ्या खिडकीतल्या डॉस प्रोग्रॅमपर्यंत काहीच पोचत नाही, तो बिचारा दुसऱ्या आकड्याची वाट बघत बसतो आणि तुम्हाला वाटतं हँग झालं.

मग पिवळं चिन्ह का नाही? कारण विंडोजला तुमचं कार्ड ठाऊकच नाही. १९९३ मध्ये आयएसएसाठी प्लग अँड प्ले आलं आणि १९९५ पासून विंडोज ते वापरायला लागलं, त्या प्रकारचं कार्ड स्वतःहून नाव सांगतं, मला हे हे लागतं म्हणतं. तुमचं जंपरवालं कार्ड मुकं आहे. बायोसला दिसत नाही, विंडोजला दिसत नाही, फक्त त्याच्या डॉस प्रोग्रॅमला दिसतं. डिव्हाइस मॅनेजर भांडण दाखवतो ते त्याच्या यादीतल्या दोघांमधलं, यादीत नसलेल्याशी झालेलं भांडण त्याला कळणार कुठून. तेव्हा "पिवळं चिन्ह नाही म्हणजे कॉन्फ्लिक्ट नाही" हे डोक्यातून काढा, जुन्या इंडस्ट्रियल कार्डांच्या बाबतीत ते अजिबात खरं नाही.

आता सेलचा मुद्दा. हे मशीन इतकी वर्षं बिनबोभाट चाललं, म्हणजे ज्यानं ते बसवलं त्यानं बहुधा बायोसमध्ये जाऊन कार्डाची ओळ राखून ठेवली होती, म्हणजे "ही कोणालाही देऊ नको" असं सांगून ठेवलं होतं. ही माहिती बोर्डावरच्या बटण सेलवर टिकते. तुमची तारीख रोज मागे जाते, म्हणजे सेल संपलाय, आणि बायोस दर सकाळी कोऱ्या पाटीनं सुरू होतोय. राखीव ओळ गेली. तरी चालत होतं कारण त्या ओळीवर हक्क सांगणारं दुसरं कोणी नव्हतं. लॅन कार्ड आलं, बायोसनं बघितलं की १० रिकामा दिसतोय (किंवा ५, किंवा ११), दिला त्याला. म्हणून तुम्ही कार्ड बदला, ड्रायव्हर बदला, विंडोज बदला, बायोस दर वेळी तेच करणार.

करायचं काय ते आता सांगतो, आणि क्रम बदलू नका.

सगळ्यात आधी हार्डडिस्क काढून दुसऱ्या पीसीवर यूएसबी-आयडीई अडॅप्टर लावून तिची पूर्ण इमेज घ्या. नुसत्या फायली कॉपी नाही, अख्खी डिस्क. एवढ्या जुन्या डिस्कचा भरवसा नाही, आणि अशा सॉफ्टवेअरची मूळ फ्लॉपी सापडली तरी ती वाचली जाईल याची खात्री नाही. डिस्क काढायच्या आधी बायोसमध्ये ती कुठल्या मोडवर आहे, एलबीए, लार्ज की नॉर्मल, ते लिहून घ्या, नाहीतर सेल बदलल्यावर बायोस दुसराच मोड धरेल आणि बूट होणार नाही, मग तुम्ही घाबरून परत विंडोज टाकायला बसाल.

मग मेनची पिन काढा. नुसता स्विच बंद नाही, पिन. एटीएक्स सप्लायमध्ये पीसी बंद असला तरी बोर्डावर पाच व्होल्ट असतात. केसच्या पत्र्याला हात लावा आणि आयएसए कार्ड हळू, सरळ वर काढा. त्याचे मोबाइलनं दोन्ही बाजूंनी फोटो घ्या, प्रत्येक जंपरचा जवळून. खालचे सोनेरी दात बघा. एकच लांब तुकडा असेल तर ते आठ बिटचं कार्ड, त्याला १० किंवा ११ मिळूच शकत नाही, त्या ओळी त्याच्या दातांपर्यंत येतच नाहीत, मग ते बहुधा ५, ७ किंवा ३ वर असणार. मध्ये खाच असून पुढे दुसरा छोटा तुकडा असेल तर सोळा बिटचं, त्याला १० आणि ११ पण चालतात. जंपरच्या रांगेशेजारी बारीक पांढऱ्या अक्षरात ३, ५, ७, १०, ११ असं छापलेलं असतं, काळी टोपी ज्या आकड्यावर आहे ती तुमची ओळ. टोपी कुठेच नसेल तर कार्ड इंटरप्ट वापरतच नाही, मग माझं वरचं सगळं निदान फिरलं आणि डीएमएकडे बघावं लागेल, त्याचं खाली लिहितो. छापलेलं पुसलं असेल तर सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये सीएफजी किंवा आयएनआय फाइल शोधा आणि नोटपॅडनं नुसती बघा, सेव्ह करू नका, बेस, आयआरक्यू, डीएमए असे शब्द आणि पुढे आकडे सापडतात.

कार्ड बाहेर आलंच आहे तर दातांवरून पांढरं खोडरबर हलकेच फिरवा आणि कोरड्या ब्रशनं भुगा झटका. बडोद्याच्या पावसाळ्यात त्या दातांवर थर चढतो, आणि खराब कॉन्टॅक्टची लक्षणं कधीकधी हुबेहूब कॉन्फ्लिक्टसारखी दिसतात. बोर्डावरचे कॅपॅसिटर पण बघून घ्या, डोकी फुगलेली किंवा तपकिरी रस आलेला दिसला तर आधी ते काम, बाकीचं नंतर. तुमच्याकडे लॅन कार्ड काढलं की लगेच बरं होतं, म्हणून मला ती शक्यता कमी वाटते, पण उघडलंच आहे तर बघायला काय जातं.

सेल सीआर २०३२, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. जुना मीटरवर लावून बघा, तीन व्होल्टच्या आसपास हवा, अडीचच्या खाली असेल तर माझं म्हणणं पक्कं झालं समजा. नवा टाका, हार्डडिस्क आणि आयएसए कार्ड परत नीट बसवा, लॅन कार्ड अजून बाहेरच ठेवा.

आता बायोस. चालू करताना डिलीट दाबत राहा. तारीख-वेळ टाका, डिस्कचा मोड तुम्ही लिहून घेतला तोच करा. मग अवॉर्ड बायोस असेल तर "पीएनपी-पीसीआय कॉन्फिगरेशन्स" नावाचं पान उघडा (पीएनपी म्हणजे प्लग अँड प्ले). तिथे "रिसोर्सेस कंट्रोल्ड बाय" ऑटोवर असेल ते मॅन्युअल करा, की खाली आयआरक्यूंची यादी उघडते. तुमच्या कार्डाचा जो आकडा निघाला, समजा १०, त्याच्यासमोर "लेगसी आयएसए" निवडा. बाकीचे "पीसीआय-आयएसए पीएनपी" वर राहू द्या. एएमआय बायोस असेल तर पानाचं नाव थोडं वेगळं, पण तिथेही प्रत्येक आयआरक्यूसमोर आयएसए किंवा रिझर्व्ह्ड असं काहीतरी निवडता येतं. "पीएनपी ओएस इन्स्टॉल्ड" ला नो करा. यावर लोक वाद घालतात, विंडोज ९८ असेल तर येस ठेवा म्हणतात, पण जिथे मुकं कार्ड आणि डॉस प्रोग्रॅम आहे तिथे वाटप बायोसनंच करावं, विंडोजवर सोडू नये असं माझं मत आहे. आणि "रीसेट कॉन्फिगरेशन डेटा" एकदा एनेबल करा, त्यानं बायोसनं आधी लिहून ठेवलेलं वाटप पुसलं जातं, पुढच्या बूटला ते आपोआप डिसेबलवर येतं. सेव्ह करून बाहेर.

नको असलेलं इथेच बंद करून टाका. कॉम-२ ला काही लावलेलं नसेल तर डिसेबल, ३ मोकळा. दुसऱ्या आयडीई चॅनलवर काही नसेल तर तो पण बंद करा, १५ मोकळा. ऑनबोर्ड साउंड असेल तर टेस्टिंग लॅबमध्ये तो कशाला हवाय, बंद. "असाइन आयआरक्यू फॉर व्हीजीए" असा पर्याय दिसला तर तुमच्यासारख्या पीसीत तो सहसा बंद चालतो, डिस्प्लेत काही गडबड दिसली तर परत चालू करा. प्रिंटर पोर्ट मात्र ठेवा, डॉट मॅट्रिक्स लागेलच, पण त्याचा मोड ईसीपीवर असेल तर एसपीपी किंवा ईपीपीवर आणा. ईसीपी एक डीएमए चॅनल धरतं, बहुतेक वेळा ३ किंवा १, आणि टोपी नसलेलं कार्ड निघालं तर हेच भांडण असू शकतं. फ्लॉपी डीएमए २ वर असते, तिला हलवता येत नाही.

आता लॅन कार्ड बसवा, पण मनाला येईल त्या स्लॉटमध्ये नको. पीसीआयच्या स्लॉटना चारच ओळी मिळतात आणि त्या फिरवून फिरवून दिलेल्या असतात, त्यामुळे एजीपीच्या, म्हणजे डिस्प्ले कार्डाच्या स्लॉटच्या, लगतचा पहिला स्लॉट बऱ्याच बोर्डांत डिस्प्ले कार्डाबरोबर ओळ वाटून घेतो. आणि शेवटचा पीसीआय व पहिला आयएसए मागच्या पत्र्यावर एकच जागा वापरतात, त्यातला एकच भरता येतो. मी सहसा दुसरा किंवा तिसरा घेतो. बोर्डाचं मॅन्युअल असेल तर त्यात कुठला स्लॉट कोणाबरोबर याचा तक्ता असतो, तो खरा.

पीसी चालू केला की विंडोज सुरू व्हायच्या आधी क्षणभर एक काळा पडदा येतो, त्यावर पीसीआय डिव्हाइसेसची यादी असते आणि उजवीकडच्या रकान्यात आयआरक्यू. तो नुसता दिसून निघून जातो. पॉज की दाबा, थांबतो. तिथे "नेटवर्क कंट्रोलर" च्या ओळीत १० नसला पाहिजे. ११ असेल, ५ असेल, यूएसबीबरोबर वाटून घेतलेला असेल, काहीही चालेल, १० नको. हा पडदा म्हणजे तुमचा निकाल, विंडोज उघडायच्याही आधी कळतं. १० अजून दिसतोय म्हणजे बायोसचं सेव्ह झालेलं नाही किंवा तुम्ही चुकीच्या आकड्यासमोर निवडलंय.

एवढ्यावर बरेच लोक थांबतात, मी नाही थांबत, कारण विंडोज ९८ स्वतः पण वाटप हलवू शकतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये सगळ्यात वरच्या "कॉम्प्युटर" वर प्रॉपर्टीज करा, दोन टॅब दिसतील. "व्ह्यू रिसोर्सेस" मध्ये कोण कुठे बसलंय ते दिसतं, आणि दुसरा "रिझर्व्ह रिसोर्सेस", जो बहुतेकांनी कधी उघडलेलाच नसतो. तिथे इंटरप्ट निवडून १० अ‍ॅड करा, मग आय-ओ निवडून कार्डाचा पत्ता, समजा हेक्समध्ये ३०० ते ३१एफ, तो पण अ‍ॅड करा. कार्ड किती पत्ते घेतं ते त्याच्या कागदांवर असेल, नसेल तर ३२ पत्ते धरले तर सहसा पुरतात. आता विंडोजला पण कळलं की इथे कोणीतरी बसलंय, दिसत नसलं तरी.

अजून एक. तुम्ही इतकी लॅन कार्डं आणि ड्रायव्हर फिरवलेत की आधीच्यांची भुतं आत राहिली असतील. सेफ मोडमध्ये जाऊन डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्सखाली एकाऐवजी तीन दिसतील. सगळी काढा, रीस्टार्ट करा, एकालाच परत येऊ द्या. नॉर्मल मोडमध्ये ती दिसत नाहीत, सेफ मोडमध्येच दिसतात.

बायोसमध्ये हा राखून ठेवायचा पर्यायच नसेल, काही ब्रँडेड पीसींत खरंच नसतो, तर उलटं करावं लागेल. लॅन कार्ड वेगवेगळ्या स्लॉटमध्ये टाकून बघायचं आणि प्रत्येक वेळी तो काळा पडदा पॉज करून आकडा लिहून ठेवायचा. तरी नाही जमलं तर शेवटी मशीनच्या कार्डाचा जंपर हलवायचा, पण तो हलवला तर सॉफ्टवेअरच्या सीएफजी फाइलमध्ये तोच आकडा बदलावा लागतो, आणि काही सॉफ्टवेअरमध्ये तो आकडा प्रोग्रॅममध्येच पक्का कोरलेला असतो, मग बदलताच येत नाही. म्हणून माझा नेहमीचा हिशोब असा की जो हलू शकत नाही त्याला आधी त्याच्या जागी बसवा आणि हलू शकणाऱ्यांना उरलेल्यात जागा शोधू द्या. लोक बरोबर याच्या उलट करतात, नवीन कार्डासाठी जुन्याला हलवतात.

काहीजण तुम्हाला एक्सपी टाका म्हणतील, त्यात कॉन्फ्लिक्ट होत नाही म्हणून. एक्सपीत सगळी पीसीआय कार्डं एकाच आयआरक्यूवर बसलेली दिसतील आणि ते ठीकही असतं, पण तुमचा डॉस प्रोग्रॅम कार्डाशी थेट पोर्टवरून बोलतो आणि एक्सपी ते बोलूच देत नाही. लॅन चालेल, मशीन बंद पडेल. नका टाकू.

आता एक गोष्ट जी तुम्ही विचारली नाहीत. तुम्हाला लॅन हवंय का रिपोर्ट हवाय? कारण वरचं सगळं करून लॅन चालू झालं तरी ऑफिसातला विंडोज १० किंवा ११ त्या विंडोज ९८ चं शेअर केलेलं फोल्डर बहुधा उघडणार नाही, फोल्डर शेअर करायचा जुना एसएमबी-१ प्रोटोकॉल २०१७ च्या १७०९ अपडेटपासून नव्या इन्स्टॉलमध्ये सहसा नसतो किंवा वापरला नाही तर आपोआप निघून जातो. तो मुद्दाम चालू करता येतो, पण मी ऑफिसच्या पीसीवर करणार नाही. त्यापेक्षा ऑफिसच्या पीसीवर छोटा एफटीपी सर्व्हर ठेवा आणि विंडोज ९८ मधल्या एफटीपी कमांडनं फाइल ढकला. आणि ती केबल इंटरनेटच्या राउटरला जाऊ देऊ नका, फक्त दोन पीसींमध्ये.

मामांच्या जागी मी असतो तर लॅनच्या नादाला लागलोच नसतो. फ्लॉपी ड्राइव्ह काढून त्या जागी फ्लॉपी एम्युलेटर बसवला असता. तसाच डबा, तीच रिबन केबल, तीच पॉवरची छोटी पिन, समोर पेनड्राइव्हची जागा आणि दोन बटणं. पीसीला तो फ्लॉपीच वाटतो, म्हणजे तोच आयआरक्यू ६ आणि तोच डीएमए २, नवीन ओळ एक पण मागत नाही. बायोसला हात नाही, ड्रायव्हर नाही, सॉफ्टवेअरला काही कळत नाही. पेनड्राइव्हवर १.४४ एमबीच्या बऱ्याच फ्लॉप्या मावतात, बटणानं निवडायची, आणि टेस्टचा रिपोर्ट टेक्स्टच असतो, एकीत पुष्कळ मावतात. ऑफिसच्या पीसीवर त्या इमेजमधून फायली काढायला छोटं फुकट सॉफ्टवेअर लागतं, एवढंच. आपल्या जीआयडीसीतले शेठ म्हणतात ना, "चाले छे ने, तो पछी अडवानुं नहीं" (चालतंय ना, मग हात लावायचा नाही), एरवी मला ते ऐकून राग येतो पण अशा मशीनच्या बाबतीत ते बरोबरच म्हणतात. सेल मात्र लॅन ठेवा न ठेवा, आजच बदला, कारण ओळ राखलेली नसेल तर उद्या दुसरं कुठलंही कार्ड हेच करेल. आणि टेस्ट रिपोर्टवर चुकीची तारीख जातेय ते वेगळंच, गिऱ्हाईकाच्या ऑडिटमध्ये त्यावर कोणीतरी बोट ठेवणारच.

तुमचा शेवटचा प्रश्न, हे कार्ड नव्या पीसीत टाकता येईल का. दुकानातल्या साध्या पीसीत नाही. १९९९ मध्ये इंटेलच्या ८१० चिपसेटपासून आयएसए बोर्डांवरून जायला लागलं आणि काही वर्षांत घरगुती पीसीतून गेलंच. आयएसए स्लॉटवाले इंडस्ट्रियल मदरबोर्ड अजून मिळतात, पण महाग पडतात, आणि तिथेही कार्डाची ओळ अशीच राखावी लागते. भंगारवाल्याकडे तुमच्यासारखाच चालू बोर्ड दिसला तर उचलून सुटा ठेवून द्या, मॅन्युअलसकट मिळाला तर उत्तमच. आणि वरचं करूनही थिजलं तर तीन फोटो टाका: कार्डाचे जंपर, पॉज केलेला तो काळा पडदा, आणि "व्ह्यू रिसोर्सेस" मधली आयआरक्यूची यादी. त्याशिवाय यापुढे काही सांगणं म्हणजे अंदाज मारणं होईल.